पलीकडच्या खारींचा भाव

एका संथ नदीच्या अलीकडच्या जंगलात, सावरीच्या झाडावर एक खार राहत असे. चैत्र सरत आला की सावरीची बोंडं उकलत आणि सगळं रान कापसाच्या तरंगत्या म्हाताऱ्यांनी भरून जाई. वर पाहावं तर आभाळच हळूहळू खाली उतरतंय असं वाटे. खारी तो कापूस वेचून कोल्होबाला देत. तो त्याच्या गाद्या करून विकी आणि खारींना मजुरी म्हणून लाल गुंजा देई. पूर्वी अलीकडे कवड्या चालत आणि पलीकडे चिंचोके. आता दोन्ही काठांवर गुंजच चाले, त्यामुळे इकडचा भाव तिकडच्याशी ताडून पाहणं सोपं झालं होतं. ते कोल्होबाच्या चांगलंच पथ्यावर पडलं.

"खारूताई, पलीकडच्या खारी तुमच्याहून स्वस्तात वेचतात बरं का. मी आपला तिकडेच जातो कसा!" तो म्हणे. खारींचा संघ होता, नाही असं नाही. संघ लगेच बसे, शेपट्या उडवत चर्चा होई आणि ठरे, "आपण आणखी थोडं कमी घेऊ, म्हणजे काम आपल्याच काठावर राहील." केवढी ही चतुराई म्हणून सगळ्या स्वतःची पाठ थोपटून घेत. घरी मात्र खारीची पिल्लं अर्धपोटी झोपत. ते बघून तिचा जीव तुटे.

एका धुकट सकाळी एका म्हातारीमागे धावता धावता, नदीवर वाकलेल्या फांदीवरून ती पलीकडे केव्हा पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. समोर एक खार बसली होती, तिच्याइतकीच वाळलेली.

"तूच का गं ती स्वस्तवाली?" खारीने फणकाऱ्याने विचारलं.

"मी? अगं, तुम्ही भाव पाडता म्हणून आम्ही पाडतो! कोल्होबाच तर सांगतो."

कोल्होबा दोन्ही काठांवर तीच थाप मारतो, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. कापूस त्यांच्या अंगाखांद्यावर उतरत होता. खारीला आधी रडू आलं, मग संताप आला.

त्यानंतर दोन्ही संघ त्याच फांदीवर एकत्र बसू लागले. पाडलेला भाव पुन्हा पूर्वीइतका करायचा, कापूस जास्त निघाला की मजुरीही तितकी वाढवून मागायची आणि दुसऱ्या काठाला विचारल्यावाचून कोणीही भाव उतरवायचा नाही, असं ठरलं.

कोल्होबा आला. "पलीकडे तर..."

"आत्ताच तिकडून येतेय, कोल्होबा," खार म्हणाली. "तिथेही हाच भाव आहे."

कोल्होबाने दोन्ही काठांवर खेटे घातले, पाय दुखवून घेतले आणि मुकाट्याने गुंजा मोजल्या. त्या संध्याकाळी पिल्लं खाता खाताच झोपी गेली.

तात्पर्य : नाणं एक झालं की कष्टकऱ्यांनीही एक व्हावं, एकमेकांहून स्वस्त होण्याच्या शर्यतीत जिंकणाराही उपाशीच राहतो.