शेतातला राजपाट

धारणगडाच्या बंधाऱ्यापासून निघालेला कालवा पाच कोस चालून टोकवाडीच्या शेवटच्या शेतात संपतो. तिथे गव्हात एक दगडी पाट दिसेल. जेवायला बसायचा असतो तसाच, खाली दोन आडव्या पट्ट्या, मध्ये थोडा खोलगट. पाहुणे विचारतात की शेतात हा पाट कुणी ठेवला. मग पाणी वाटून देणारे केरोबा पाटकरी बांधावर टेकतात आणि सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. धारणगडचे महाराज वारले तेव्हा हैबतराजे नऊ वर्षांचे होते. सोळावे लागेपर्यंत कारभार दिवाण सखोपंतांकडे आणि शिक्षण वैजनाथशास्त्र्यांकडे, असे ठरले. शास्त्रीबुवा मोठे विद्वान. राजनीतीचे श्लोक त्यांना मुखोद्गत. पण राजांचे लक्ष लागेना. श्लोक पाठ व्हायचे आणि डोळे खिडकीबाहेर असायचे. शास्त्रीबुवांना वाटे, आपल्या हातून राजा काही घडत नाही.

राजांना पंधरावे सरत होते. तेव्हा टोकवाडीची ठकूबाई नावाची म्हातारी गडावर फिर्याद घेऊन आली. पाच कोस पायी आलेली. म्हणाली, "दोन सालं झाली, माझ्या वावरात पाटाचं पाणी नाही." दिवाणांनी ठरलेले उत्तर दिले, पाऊस कमी, पाणी कमी. म्हातारी म्हणाली, "पाणी कमी हाय ते मला ठावं हाय. माझ्यापत्तुर येताना ते कुठं जातं, ते सांगा."

राजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिले. "गुरुजी, कुठे जातं?"

इतक्या वर्षांत शास्त्रीबुवांना न येणारा असा हा पहिलाच प्रश्न. वेळ मारून नेता आली असती. पण ते खाली मान घालून म्हणाले, "महाराज, मला ठाऊक नाही."

असे सांगतात की राजांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा शिकण्याची इच्छा दिसली. "मग आपण दोघे जाऊन पाहू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुशिष्य कालव्याच्या काठाने चालत निघाले. शास्त्रीबुवांच्या पायांना चालायची सवय नव्हती, कोसभरातच वहाणांनी टाचा सोलल्या. सुरुवातीला कालवा कमरेइतका भरलेला. दोन्ही बाजूंना दरबारातल्या सरदारांचे ऊस, आणि पाणी उसातून ओसंडून ओढ्याला मिळत होते. पुढे कालवा गुडघ्याइतका झाला, मग घोट्याइतका. चौथ्या कोसावर नुसता चिखल. टोकवाडीला पोचले तेव्हा कालव्यात शेळ्या बसल्या होत्या. ठकूबाईचा हरभरा करपायला लागला होता. तिने दोघांना भाकरी वाढली आणि पाणी मात्र मोजून दिले, कारण तेही तिने लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणले होते.

गडावर परत येताच राजे पाण्याचा हुकूम काढायला निघाले, तर दिवाण शांतपणे म्हणाले, "महाराज, अभिषेक होईपर्यंत हुकुमावर शिक्का माझा. आणि सरदारांना दुखवून गादी टिकत नसते."

आठवड्याने वसंत पंचमीला अभिषेकाचा मुहूर्त होता. राजांनी त्याच दिवशी भर सदरेत हातात पाणी घेऊन संकल्प सोडला. "माझ्या डोक्यावर पाणी पडेल ते टोकवाडीच्या पाटातलं. ते मिळेपर्यंत मी गादीवर बसणार नाही."

सरदारांच्या जमिनींच्या सनदा जुन्या महाराजांच्या नावाच्या, राजांना सोळावे लागेपर्यंतच चालणाऱ्या. वसंत पंचमीला नवा राजा बसला नाही, तर पुढचा योग वर्षाने, आणि तोवर त्या सनदांना किंमत नाही. म्हणून दिवाण शास्त्रीबुवांच्या घरी आले. म्हणाले, "पोरवयातला हट्ट आहे. विहिरीचं पाणी शास्त्राला चालतं, एवढं तुम्ही सांगा. काशीला कायमचं जाऊन राहायची इच्छा नसेल, तर सांगाच."

शास्त्रीबुवांनी पोथी उघडली आणि मिटली. चालते, हे त्यांना पोथीशिवायही माहीत होते. दारात त्यांच्या वहाणा पडल्या होत्या, टाचेपाशी रक्ताचा डाग अजून होता. ते म्हणाले, "पंत, शास्त्राला चालेल. पण संकल्प मोडलेल्या राजाला अभिषेक करायला माझे हात चालणार नाहीत." आणि त्याच दुपारी रिकामा कलश घेऊन ते टोकवाडीला जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी सरदारांनी नाइलाजाने आपल्या शेतांत पाणी घ्यायची दारे मातीने बुजवली. पण सुकलेला कालवा पाणी पितच राहिला. पंचमी उजाडली तरी टोकवाडीला थेंब नाही. राजे घोड्यावरून आले, मागोमाग मानकरी आले. मुहूर्त माध्यान्हीचा. सूर्य वर चढत होता. शास्त्रीबुवा कालव्याच्या तळाशी उकिडवे बसून वाट पाहत होते. आपण राजाला हट्ट शिकवला की धर्म, हे त्यांना कळेना.

तेवढ्यात शेळ्या उठून काठावर चढल्या. मागून वाळकी पाने ढकलत, गढूळ, बोटभर पाणी आले. ठकूबाईने वाकून हात लावला. "आलं," ती म्हणाली.

आता गडावर जाऊन मुहूर्त साधणार नव्हता. सिंहासन तिथेच राहिले होते. बसायला काय, म्हणून सगळे इकडेतिकडे पाहू लागले, तेव्हा ठकूबाईने घरातून आपला जेवायचा पाट आणला आणि हरभऱ्यात मांडला. राजे बसले. शास्त्रीबुवांनी कलशातले गढूळ पाणी त्यांच्या डोक्यावर ओतले. आपला शिष्य घडला, आणि आपणही थोडे घडलो, असे त्यांना वाटले म्हणे.

पहिला हुकूम राजांनी त्याच पाटावरून दिला. पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू व्हावी, आणि दरबारात फिर्यादही सगळ्यात लांबून आलेल्याची आधी ऐकावी. सखोपंतांना दिवाणगिरीवर ठेवले, पण दर वर्षी एकदा कालव्याच्या काठाने पायी चालायचे, या अटीवर. ते चाललेही म्हणे, आणि पुढे तर आवडीने चालत. त्या साली ठकूबाईचा निम्मा हरभरा वाचला. लाकडी पाट कालांतराने कुजला, तेव्हा गावाने तसाच दगडाचा घडवला.

आजही वसंत पंचमीला कालव्यावरच्या सगळ्या शेतांची दारे बंद असतात. पाणी टोकवाडीला पोचले की शेवटच्या शेताचा धनी "आलं" म्हणतो. शेजारचा तो शब्द पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. असा पाच कोस चढून तो बंधाऱ्याशी पोचतो, आणि मगच तिथला माणूस आपल्या शेताचे दार उघडतो.