तिसरा पुकारा

“...आणि ते आत येऊन बसले तर, आचार्य?”

विचारता विचारता नंदकाच्या हातातली केरसुणी थांबली.

“बसू देत,” देवरात म्हणाले. “सभागृह बसायलाच असतं.”

“सेनापतीचा दंडनायक खंडदेव येतोय म्हणतात. स्वतः.”

“मग त्यालाही ऐकव.”

“मी?”

“आज तू सांगायचंस.”

नंदकाने केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.

पर्णा नदीकाठच्या पर्णक गणाचं हे सभागृह. या गणात राजा कधी नव्हता. कुळाकुळाची माणसं इथे जमत, तावातावाने भांडत, आणि भांडून दमली की रंगीत काड्या उचलून निकाल लावत. नदीला बांध कुठे घालायचा, शेजाऱ्याशी लढायचं की तह करायचा, सगळं इथे ठरत आलं होतं.

मग सीमेवर लढाई झाली आणि तिचं निमित्त करून सेनापतीने सगळा कारभार आपल्या हाती घेतला. सभा मोडली असं तो कधीच म्हणाला नाही. सभा विश्रांती घेते आहे, एवढंच म्हणाला.

देवरात त्या सभेचे पुकारे. ठराव मोठ्याने वाचून दाखवायचा, हरकती विचारायच्या, हे त्यांचं काम. सभा बंद पडली तसे ते दर पौर्णिमेला सभागृह उघडू लागले. येईल त्याला आत न्यायचं. कोण कुठे बसायचं, कोणत्या ठरावावर कोण कसं भांडलं, ते सांगायचं. सेनापतीने हरकत घेतली नाही. म्हाताऱ्याच्या जुन्या गोष्टी आहेत, सांगू देत, म्हणाला.

लोकही येत. पोरंबाळं घेऊन येत.

पण मागच्या महिन्यात पाणवठ्यावर एक साळी बोलून गेला, की सभा आता पुन्हा भरायला हवी. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरात माग होता, मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं... साळी नव्हता.

त्याचं नावही आता कुणी घेत नसे.

नंदक देवरातांचा शिष्य. गणाचा सारा इतिहास त्याला मुखोद्गत होता. आचार्य अडखळतात, मध्येच विसरतात, लोकांना भलत्या शंका काढू देतात, याचा त्याला मनातून कंटाळा येई. “एकदा मला सांगू द्या, आचार्य. लोक माना डोलवत घरी जातील,” असं तो कितीदा तरी म्हणाला होता.

आज ते मिळालं होतं, आणि आजच ते नको होतं.

दुपार कलली तशी माणसं आली. थोडीच. भिंतीला धरून बसली. मागोमाग घोड्यांच्या टापा वाजल्या. शिपाई दोन्ही दारांत उभे राहिले. खंडदेव आत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि थेट सभापतीच्या आसनावर जाऊन बसला.

तिथे बसायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही.

“सांग,” तो नंदकाला म्हणाला. “आम्हीही लोकच आहोत.”

नंदकाने सुरुवात केली. आवाज आधी फाटला, मग लागला. पहिली सभा नदीकाठच्या वडाखाली भरली, तिथून तो निघाला. बांधाचा ठराव, दुष्काळाचा ठराव, बायकांनी दार अडवून मागितलेला बोलण्याचा हक्क... शब्द आपसूक येत होते. खंडदेव मान डोलवत होता. नंदकाची भीती जरा सैलावली. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरंही वाटलं.

“ठराव मंजूर कसा व्हायचा?” खंडदेवाने मध्येच विचारलं.

“पुकारे तीनदा विचारायचे. कुणाची हरकत आहे का? असेल त्याने बोलावं, नसेल त्याने गप्प राहावं. तीनदा विचारूनही सगळे गप्प राहिले, की ठराव मंजूर.”

“म्हणजे गप्प राहिला तो राजी.”

“होय.”

“आणि एकानेही हरकत घेतली तर?”

“तर... सभा रीतसर बसवून काड्या मोजाव्या लागतात.”

“छान रीत आहे.” खंडदेव उठला. “मग रीतीनेच करू. ठराव असा. हे सभागृह उतरवावं आणि याच्या खांबांची घोड्यांसाठी पागा बांधावी. गणाचे लोक समोर आहेतच.”

त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली.

“कुणाची हरकत आहे?”

...

एका आईने आपल्या लेकराच्या तोंडावर हात ठेवला. लेकरू काही बोलत नव्हतं, तरी ठेवला.

नंदकाने आचार्यांकडे पाहिलं. आता ते उठतील. त्यांनी इथेच उभं राहून जन्मभर हा प्रश्न विचारला होता, उत्तरही तेच देतील.

देवरात खाली फरशीकडे पाहत होते.

“दुसऱ्यांदा विचारतो. कुणाची हरकत आहे?”

दारातल्या शिपायाने दाराची एक फळी लोटून घेतली. आतला उजेड निम्मा झाला.

नंदकाच्या मनात आलं, ही रीत याला कुणी सांगितली? मीच. विचारलं तसं घडाघडा सांगितलं. वार करायला आला त्याच्या हाती सुरी दिली, वर तिची धारही दाखवली. त्याला वाटलं, कुणीतरी बोलेल. मग वाटलं, सगळ्यांनाच हेच वाटत असणार.

खंडदेवाला घाई नव्हती. त्याने आपल्या हातमोज्यावरची धूळ झटकली.

“तिसऱ्यांदा विचारतो, आणि शेवटचं. कुणाची...”

“आहे.”

आवाज इतका बारीक होता, की तो कुणाचा हे नंदकालाही लगेच कळलं नाही. मग सगळ्या माना आपल्याकडे वळलेल्या त्याला दिसल्या.

“काय आहे?”

“हरकत.”

“मोठ्याने.”

“माझी... माझी हरकत आहे.”

खंडदेव त्याच्याजवळ आला. इतका जवळ, की त्याच्या अंगाला येणारा घोड्याच्या घामाचा वास नंदकाच्या नाकात शिरला.

“नाव?”

“नंदक.”

“लक्षात राहील.”

“माझीबी हाय,” भिंतीपासून कुणी बोललं. सोमा कुंभारीण होती. उभी राहिली नव्हती, बसल्या जागेवरूनच बोलली, नि बोलून तिने पदर तोंडावर ओढला. मग एका म्हाताऱ्याने नुसताच हात वर केला. बाकीच्यांनी माना खालीच ठेवल्या.

खंडदेव तिघांकडे बघत राहिला. मग हसला. ते हसू कसलं, हे कुणाला उमगलं नाही.

“ठीक. सभा बसवावी लागेल म्हणतात, असं सेनापतींना सांगतो.”

टापा दूर गेल्या. मग माणसं एकेक करून निघाली, एकमेकांकडे न बघता. लेकराची आई जाता जाता नंदकापाशी थबकली, काही बोलणार असं वाटलं, पण तीही गेली.

नंदक पायरीवर गेला आणि भडाभडा ओकला. परत आला तेव्हा देवरात होते तिथेच बसून होते.

“तुम्ही का नाही बोललात, आचार्य?”

“भ्यालो.”

“तुम्ही?”

“जीभ टाळूला चिकटली होती. पहिल्यांदा म्हटलं, बोलतो. दुसऱ्यांदा म्हटलं, आता बोलतो.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा तू बोललास.”

नंदकाला रडू फुटलं. तो मटकन खालीच बसला.

“पहिल्या दोन्ही वेळा मीही गप्पच होतो. आपले पूर्वज इथे सिंहासारखे उभे राहायचे, असं लोकांना सांगतो मी. आणि माझे गुडघे बघा, अजून थांबत नाहीत. उद्या ते मला न्यायला येतील की परवा, एवढंच डोक्यात आहे. पुढच्या पौर्णिमेला असलोच, तर कुठल्या तोंडाने सांगू त्या पूर्वजांच्या गोष्टी?”

देवरातांनी हात पुढे केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“नंदका, पूर्वज सिंह असते, तर एकदाच विचारून भागलं असतं.”