बियाण्याची पेटी

आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारातून आत आलात की डाव्या हाताला जी काळी लांबट पेटी दिसते, ती मयताचीच आहे. घाबरू नका, आत कुणी नाही. पाहुणे लोक तिच्यापासून चार हात लांब उभे राहतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. पूर्वी आमच्या तिवरपाड्याला मयताची ही एकच पेटी होती. प्रेत पुरलं की पेटी रिकामी परत यायची. पण तिच्या तळाला भोकं का आहेत, हे ऐकण्यासारखं आहे.

खाडीने वर गेलं की डोंगराच्या पोटात कोंडदरा नावाचं गाव आहे. फार वर्षांपूर्वी तिथे एका सरदाराने धाड घातली, घरं जाळली, धान्य लुटलं. धडधाकट माणसं पळाली ती खाडीने उतरून आमच्या देवळात आली. त्यांचा धर्म वेगळा, देव वेगळा. पाद्रीबाबांनी दार उघडलं आणि आधी पेज वाढली, नावं मागाहून विचारली असं सांगतात. त्यांच्यात सोमी नावाची एक वयस्क बाई होती. तिने पाठीवरून भाताच्या बियाण्याचे, पेंढ्यात बांधलेले दोन मुडे आणले होते. ते तिने वेदीमागे ठेवले आणि कुणाला हात लावू दिला नाही.

कोंडदऱ्यात उरले होते ते म्हातारे. सरदाराचा हुकूम होता, की पळालेलं माणूस जिवंत परतायचं नाही. मेलं तर मात्र मूठमातीला आणायला मोकळीक. आणि ज्या शेतात या पावसात पीक दिसणार नाही, ते जप्त. म्हाताऱ्यांकडे पेरायला दाणा नव्हता. सोमी रोज कुणाच्या तरी हाती बियाणं वर धाडायची वाट शोधत होती, पण खाडीच्या अरुंद वळणावर चौकी बसलेली.

आता आमच्या माणसांची चूक ऐका. इनास पाटील मोठ्या मनाचा गडी, पण विचारायची सवय नव्हती. त्याला वाटलं, ही माणसं आता इथलीच झाली. त्याने आपलं खाजण, खाडीकाठचं भातशेत, त्यांना देऊ केलं आणि सोमी बाहेर गेली असताना दोन्ही मुडे भिजत घातले. आमच्या खाजणात मोड आलेलंच बी फेकतात. तिसऱ्या दिवशी त्याने मोठ्या कौतुकाने पेंढा बाजूला करून तिला पांढरे मोड दाखवले.

सोमीने मूठभर बी उचलून पाहिलं. "पाटील, मी जागा मागितली होती, गाव नव्हतं मागितलं," ती म्हणाली. "हे आता दोन दिवसांत मातीत गेलं नाही तर कुजेल. आमची जमीन गेली."

इनासचं तोंड उतरलं. त्या दिवसापर्यंत त्याला कुणी इतकं लाजवलं नव्हतं म्हणे. तो उठला, देवळातली पेटी काढली आणि पाणी निथळून जावं, बी कुजू नये म्हणून सुताराकडून तळाला भोकं पाडून घेतली. सगळं बियाणं पेटीत भरलं, वरून फळी ठोकली, पांढरी चादर घातली. सोमीला जाता येईना. ती धक्क्यावर उभी राहिली. भरतीबरोबर होडी निघाली तेव्हा ऐन दुपार होती. होडीत इनास, तीन खांदेकरी आणि पाद्रीबाबा होते. बाबांनी बजावलं होतं, "मी खोटं बोलणार नाही. मी फक्त प्रार्थना म्हणेन."

चौकीवर होडी अडवली. एक वयस्क पहारेकरी आत उतरला.

"कोण गेलं?"

"कोंडदऱ्याचंच," इनास म्हणाला. "देवळाच्या आसऱ्याला होतं."

"कधी?"

"परवा."

पहारेकऱ्याने चादरीखाली हात घालून फळीवर ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. फळी ऊन होती. मोड आलेलं बी दाबून ठेवलं की आतून तापतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक. परवा मेलेलं माणूस मात्र ऊन नसतं. बाबांची प्रार्थना मध्येच थांबली. काठावरच्या शिपायांनी विचारलं, "काय रे, उघडायची का?"

पहारेकऱ्याने हात काढून घेतला. होडीतला तांब्या घेतला, कडेने वाकून भरायला गेला आणि थांबला. पाणी खारं होतं. मग कमरेचा आपल्या पिण्याच्या पाण्याचा भोपळा सोडून सगळाच्या सगळा फळीच्या फटीतून ओतला. "ओल कमी पडलीय," तो इनासच्या कानाशी म्हणाला. "वर पोचेस्तोवर मोड जळतील." मग काठाकडे वळून म्हणाला, "जाऊ द्या."

त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं, त्याचीही जमीन जप्त झाली होती. मला विचाराल तर तो शेतकरी होता, एवढं पुरे.

म्हाताऱ्यांनी त्याच संध्याकाळी चिखलात बी फेकलं. पिकं उभी राहिली, जमिनी वाचल्या आणि दोन वर्षांनी सरदाराचा अंमल उठल्यावर माणसं घरी गेली. सोमी सगळ्यांत पुढे होती.

आजही मृगात ही पेटी बियाणं घेऊन कोंडदऱ्याला जाते, आणि आगेराच्या, म्हणजे नव्या भाताच्या, सणाला तिकडची पहिली लोंबी आमच्या वेदीवर येते. पण कोंडदऱ्याचं माणूस येऊन "भिजवा" म्हणत नाही, तोवर आम्ही बियाण्याला पाणी लावत नाही. चौकीचं आता जोतं तेवढं उरलंय. तिथे होडी थांबते, आणि होडीतला सगळ्यांत वयस्क माणूस फळीवर हात ठेवून आपल्या पिण्याचं पाणी पेटीत ओततो. यंदा तो मान माझा होता. फळी ऊन लागली, आणि पुढचा सगळा रस्ता मी तहानलेलाच गेलो.