शाळिग्रामातला समुद्र

“म्हणजे आजवर आपण एका मेलेल्या प्राण्याची पूजा करत आलो, बुवा?”

हेरंबनं हातातली पळी खाली ठेवली.

समोर ताम्हनात शाळिग्राम होता. काळाभोर, मुठीएवढा. एका बाजूच्या भोकातून डोकावलं की आत वळत गेलेलं चक्र दिसायचं.

अनंतबुवांचे हात अलीकडे कापत. नदीकाठच्या त्या लहानशा मठातली पूजा यापुढे त्यांच्या या शिष्यानं चालवायची, असं ठरलं होतं. हेरंब पुण्याला खडकांचं शास्त्र शिकून परतला होता. आज द्वादशीला पहिली पूजा त्याच्या हातून व्हायची होती.

“मेलेला प्राणी?” बुवा सरसावून बसले. “सांग बघू नीट.”

“हे चक्र विष्णूचं नाही. कवच आहे, गोगलगायीच्या शंखासारखं. समुद्रातल्या जिवाचं. तो चिखलात रुतला आणि त्याचा दगड झाला.”

“अरे, पण हा गंडकी नदीतला. हिमालयातून येतो.”

“तेव्हा हिमालय कुठं होता? तिथं समुद्र होता, बुवा. पंधराएक कोटी वर्षांपूर्वी.”

“हिमालयाच्या जागी समुद्र!” बुवांनी टाळीच वाजवली. “अहो वेणूताई, ऐकलंत का?”

वेणूताई ओसरीवर बसून होत्या. काल त्यांची निर्जळी एकादशी झाली होती. शाळिग्रामाच्या स्नानाचं तीर्थ घेतल्याशिवाय उपास सोडायचा नाही, हा त्यांचा नेम.

“ऐकतेय हो,” त्या म्हणाल्या. “समुद्र असू दे नाहीतर डोंगर. पळीभर तीर्थ मिळालं की मी जाते. घरी भात निवतोय.”

हेरंब हसला नाही.

“थट्टेवारी नेऊ नका, बुवा. मला खोटं वागता येणार नाही. हा देव असेल तर जन्मभर पूजा करीन. नसेल तर... दुपारच्या एसटीनं जातो. पूजेला दुसरं कुणी बघा.”

बुवांनी ताम्हन जवळ ओढलं.

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“मूर्ती बसवताना आपण तिची प्राणप्रतिष्ठा करतो,” ते म्हणाले. “याची कधी केली?”

“शाळिग्रामाची करत नाहीत.”

“का?”

“तशी रीत आहे.”

“मीही माझ्या गुरूंना विचारलं होतं. म्हणाले, याला गरज नाही. का नाही, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आज तू सांगितलंस.”

“मी? मी काय सांगितलं?”

“की हा जगून आलाय.”

हेरंब ताम्हनावर वाकला आणि शाळिग्रामाच्या भोकातून आत डोकावला.

“जगला असेल...” तो हळूच म्हणाला. “पण म्हणून देव कसा?”

बुवांनी पाण्याचा कलश उचलला. थोडं पाणी जमिनीवर सांडलं. तसाच तो त्यांनी हेरंबच्या हातात दिला.

“देव आहे की नाही, ते राहू दे. तुझा समुद्र गेला, हिमालय वर आला. तेव्हापासून कोरडा बसलाय रे तो... घाल पाणी.”