सांधा न बसणारी मगर

"...म्हणजे खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प राहायचं. त्यालाही पापच म्हणायचं का, बाबा?"

देवपुजारींनी जमालशहा फकिराला विचारलं. तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, पायरीखाली प्राणहिता वाहत होती. दोघांच्या मधे गोणपाटावर एक दगडी जबडा पडला होता.

जबडा आणणारे प्राध्यापक देवपुजारी मोठे विद्वान. डायनासोरांच्या काळातल्या मगरींची हाडं खडकातून सोडवण्यात त्यांचा जन्म गेला. ही मगर म्हणजे अगदी नवी जात, असं त्यांनीच जाहीर केलेलं; आणि उद्या संग्रहालयात तिला त्यांचं नाव मिळायचं होतं.

आज सकाळी त्यांची विद्यार्थिनी सरिता मडावी चारचौघांत म्हणाली, सर, डोकं एका मगरीचं आहे आणि जबडा दुसरीचा. सांधा बसत नाही. दोन्ही जाती जुन्याच, नवीन काहीच नाही.

देवपुजारींनी तिला उभ्या उभ्या कामावरून काढलं. तिने पुन्हा तपासू नये म्हणून जबडा उचलला आणि तडक इथे आले.

"पोरगी बरोबर बोलली?" फकिराने विचारलं.

"बरोबर बोलली. पण एकांतात सांगायचं होतं तिने."

"मगर," फकीर म्हणाला.

"हो, मगरच. त्याबद्दल वाद नाही. पण यात कुणाचं काय जातंय?"

"मगर."

बाबांना हल्ली ऐकू कमी येत असावं, असं वाटून देवपुजारींनी आवाज चढवला. गाळाच्या दाबाने हाड वाकतं, सांधा सरकतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. विद्यार्थ्यांना शिस्त हवी, तेही सांगितलं. मग आवाज आपोआप खाली आला.

"चुकलं असेल माझं. पण या वयात..."

"मगर."

देवपुजारी थबकले.

फकिराची बोली दखनी. इतकी वर्षं ते ती ऐकत आले होते. आपण 'पण' म्हणतो, तिथे मराठी बोलतानाही फकीर 'मगर' म्हणायचा.

...

फकिराने जबडा मांडीवर घेतला. सांध्यावरून नख ओढलं. नखात पांढरी भुकटी आली.

"हे काय?"

"प्लॅस्टर. फट बुजवायला."

"कोणी भरलं?"

नदीकडे बघत देवपुजारी म्हणाले, "मी."

फकिराने त्यांच्या खिशातल्या फोनकडे बोट केलं.

उद्या सांगतो, समोरासमोर सांगतो, असं ते पुटपुटले. बोट हललं नाही. शेवटी त्यांनी नंबर लावला.

"बोला, सर." मुलीचा आवाज रडून बसलेला होता.

"मडावी... तुझं बरोबर आहे. सांधा बसत नाही."

ती थांबली होती. पुढचं ऐकायला थांबली होती.

इथेच फोन ठेवावा, हे देवपुजारींना कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. घशाशी काहीतरी हललं.

"पण..." ते म्हणाले.

पलीकडून फोन बंद झाला.

फकिराने जबडा अलगद गोणपाटावर ठेवला, आणि नख लुंगीला पुसलं.

"आली बाहेर मगर," तो म्हणाला. "ही काही अजून दगड झालेली नाही."