भिवराची पेटी

फार जुनी गोष्ट आहे. बाळाचे कपडे दुकानात मिळत नसत, घरोघरच्या बायकांच्या बोटांतून उतरत, तेव्हाची.

नदीकाठच्या एका गावात हैबती सुतार आणि त्याची बायको भिवरा राहत. भिवराला दिवस गेले आणि घराला जाग आली. हैबतीनं सागवानी पाळणा करायला घेतला, त्यावर राघू-मैना कोरल्या. भिवराची आई लेकीकडे येऊन राहिली. दुपारी मायलेकी ओटीवर बसत. जुन्या लुगड्यांचं मऊसूत कापड फाडून दुपटी शिवत, झबली, लंगोट बेतत, डोकं गोल व्हावं म्हणून इवल्याशा उशीत राई भरत. आई धावदोरा घालता घालता ओव्या म्हणे. शेजारणी येता-जाता एखादा टाका घालून जात. बाळाच्या कपड्याला चार हात लागावेत, अशी गावाची रीतच होती.

भिवरानं स्वतः एक लाल कुंची शिवली. पाठीवर मोर काढला. त्याच्या पिसाऱ्यासाठी तिनं आपल्या लग्नातल्या शालूच्या काठाची जर उसवली.

आई हसून म्हणाली, "अगं, एवढं नटवू नये. नजर लागते."

सगळे कपडे धुऊन, वाळवून, वेखंडाच्या पुडीसोबत पेटीत ठेवले. दिवस भरले. बाळ आलं. पण ते रडलंच नाही.

भिवरानं पेटीला कडी घातली. हैबतीनं पाळणा माळ्यावर टाकला.

वर्षं गेली. आई गेली. भिवराला पुन्हा मूल झालं नाही. दर उन्हाळ्यात ती पेटी उघडी, एकेक झबलं उन्हात पसरी, झटकी आणि पुन्हा त्याच घडीवर घडी घाली. वेखंडाच्या वासाबरोबर सारं परत येई. आईचा आवाज, ओटीवरचं ऊन, दोरा ओवताना जिभेवर आलेली सुताची चव. मग संध्याकाळपर्यंत ती कुणाशी बोलत नसे.

त्या गावात बाळाचं पहिलं झबलं दुसऱ्या घरून मागून आणत. एकदा कुंभाराची सून आली.

"भिवराकाकू, तुमच्या हातची कुंची द्या ना हो. बारशाला घालते, लगेच आणून देते."

"माझ्या बाळाची आहे ती," भिवरा म्हणाली.

सून खाली मान घालून गेली. पुढं कुणी मागायला आलं नाही.

एका कडाक्याच्या हिवाळ्यात मीठ वाहणारा लमाणांचा तांडा नदी ओलांडत होता. एक बैल धारेला लागला आणि पाठीवरच्या बोचक्यांसकट वाहून गेला. त्या बोचक्यांत तांड्यातल्या एका पोटुशीची सगळी तयारी होती. ती बोचकी वाचवायला जाताना ती पोटुशी नखशिखांत भिजली. दुसऱ्या दिवशी सकाळी, महिने भरायच्या आधीच, काठावर ती बाळंत झाली.

नदीला सगळ्यात जवळ घर सुताराचं. तांड्यातली म्हातारी धापा टाकत दारात आली.

"माय, पोरगी झालीय. मुठीएवढी आहे. गोणपाटात गुंडाळलीय तिला, अंगात ऊबच नाही. काही मऊ फडकं असेल तर दे गं."

भिवरानं आत पेटीकडे पाहिलं.

"माझ्याकडे लहान बाळाचं काही नाही," ती म्हणाली.

म्हातारी पुढच्या घराकडे वळली. ओटीवर हैबती रंधा मारत होता, त्याचा हात थांबला. इतक्या वर्षांत पेटीविषयी त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

"भिवरे, आपलं बाळ आज केवढं असतं गं?"

ती हळूच म्हणाली, "लग्नाला आलं असतं."

"मग ते झबलं आता त्याला कुठं व्हायचं?"

भिवरा उभी राहिली. तिनं पेटीची कडी काढली, वरचं झबलं उचललं, तोच ते घडीवर टर्रकन फाटलं. तिच्या तोंडून हुंदका फुटला. "कुणाच्या अंगाला लागलं नाही, तरी विरलं!"

सगळे कपडे, फाटलेलं झबलंसुद्धा, ओच्यात घेऊन ती अनवाणी धावली. काठावर तिनं दुपटं शेकोटीवर धरून ऊन ऊन केलं, पोरीला झबलं चढवलं, कुंची घातली आणि आपल्या उराशी धरलं. पोर निपचित होती, ओठ काळेनिळे पडले होते. भिवरा तिची पाठ चोळत राहिली. आईच्या ओव्या आपोआप तिच्या ओठांवर आल्या. आणि थोड्या वेळानं पोरीनं टाहो फोडला.

भिवराही रडली. इतक्या वर्षांचं रडली.

हैबती खांद्यावर पाळणा घेऊन आला. बाळंतीण हिंडू-फिरू लागेपर्यंत तांडा तिथंच राहिला. निघताना तिनं सगळे कपडे धुऊन आणले. फाटलेल्या झबल्याला रंगीत दोऱ्यांनी रफू केलं होतं, वर एक छोटा आरसाही लावला होता.

कुंची मात्र भिवरानं परत घेतली नाही. "वाटेत थंडी असेल," ती म्हणाली, "राहू दे पोरीच्या अंगावर."

मग बाकीचे कपडे घेऊन ती थेट कुंभारवाड्यात गेली आणि कुंभाराच्या सुनेला म्हणाली, "माझं चुकलं गं. आता ज्या घरी बाळ येईल, त्या घरी हे पोचव."

तेव्हापासून गावात कुठं पाळणा हलायचा असला, की भिवराला बोलावणं येई. जुनं झबलं विटलं की ती नवं शिवायला घेई, आणि शेजारणींना हाक मारी, "या गं, एकेक टाका घाला." ओटीवर पुन्हा बायका जमू लागल्या. भिवराला पोटचं मूल मिळालं नाही. पण गावातलं प्रत्येक लेकरू तिच्या हातच्या उबेत वाढलं, आणि म्हातारपणी तिला एकही जेवण एकटीनं जेवावं लागलं नाही.

म्हणून जुनी माणसं सांगतात: माया घडी घालून ठेवली की घडीतच विरते, दुसऱ्याच्या अंगावर घातली की टिकते.