घटाघट गाडी आणि चिचुंद्रीबाई

"हल म्हणते ना!"
"नाही हलत!"
"हल!"
"जा गं चिचुंद्रे! वास येतो तुझा!"
"आणि तुझा धूर? तो काय अत्तर आहे?"

भांडण चांगलं जुंपलं होतं. इकडे चिचुंद्रीबाई, मुठीएवढी. तिकडे तात्यांची जुनी निळी गाडी, डोंगराएवढी. पण ऐकून घेईल ती चिचुंद्री कसली!

झालं काय, गाडीचं चाक बसलं. बसलं ते बसलं, नेमकं चिचुंद्रीबाईच्या बिळाच्या तोंडावर! आत चार पिल्लं.
"चीं चीं! आई, अंधार!"
"घाबरू नका रे. आई दारातच आहे."

गाडी म्हणाली, "पिते घटाघटा, चालते जराजरा. मी नाही हलत. आधी चाकाला फुगायला सांग."

चिचुंद्रीबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, चुक चुक!

"चाका चाका, फुग ना!
पिल्लं आत, आई बाहेर,
गाडी हलेना!"
चाक म्हणालं, "फुस्स! मी नाही फुगत. पोटात हवाच नाही. पंपाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, चुक चुक!

"पंपा पंपा, चाल ना!
पिल्लं आत, आई बाहेर,
गाडी हलेना, चाक फुगेना!"
पंप म्हणाला, "कुर्र! मी नाही चालत. गंजलोय पार. तेलाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, चुक चुक!

"तेला तेला, ओघळ ना!
पिल्लं आत, आई बाहेर,
गाडी हलेना, चाक फुगेना,
पंप चालेना!"
तेल म्हणालं, "बुडबुड! मी नाही ओघळत. डब्याचं झाकण घट्ट. तात्यांना सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, चुक चुक!

तात्या व्हरांड्यात. पाय पसरलेले. तोंडासमोर पेपर.

"तात्या तात्या, उठा ना!
पिल्लं आत, आई बाहेर,
गाडी हलेना, चाक फुगेना,
पंप चालेना, तेल ओघळेना!"
तात्या म्हणाले, "मी नाही उठत. मेली गाडी नुसती पेट्रोल ढोसते! पाजून पाजून दमलो मी!"
"ढोसते? बसलेलं चाक ओढत नेते बिचारी! मग पिणार नाही तर काय? कधी वाकून बघितलंत?"
तात्यांचा पेपर आणखी वर.

"असं काय? थांबा!"
चिचुंद्रीबाई शिरली तात्यांच्या खुर्चीखाली. आणि सुटला वास! भप्पकन!
"अगंगंगं!"
तात्या उठले. टुणकन!

तात्या उठले, झाकण उघडलं. टॉक!
झाकण उघडलं, तेल ओघळलं. टप टप!
तेल ओघळलं, पंप चालला. फुस फुस!
पंप चालला, चाक फुगलं. टम्म!
तात्यांनी किल्ली फिरवली, गाडी हलली. घर्रर्र!

आणि काय सांगू! घोटभर पेट्रोल प्यायली, तेवढ्यावर अख्ख्या आवाराला चक्कर मारून आली!
"पिते जराजरा, चालते भराभरा!" गाडी गाऊ लागली. तात्या बघतच राहिले.

बीळ मोकळं! पिल्लं बाहेर!
पहिल्याने धरली आईची शेपटी. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. चौथ्याने तिसऱ्याची. निघाली वरात गाडीच्या नाकासमोरून. चुक चुक! चुक चुक!

गाडीने नाक मुरडलं. "सगळं खरं. पण वास येतो गं तुझा!"

चिचुंद्रीबाई गर्रकन वळली. मागोमाग चारही पिल्लं वळली.

"येतो तर येऊ दे! याच वासावर माझी पिल्लं अंधारातसुद्धा आई शोधतात!"